चूक टाकसाळीची की बाहेरची?

अकोल्याच्या भाजीबाजारात दहा रुपयांचे नाणे पुढे केले की आजही एखादा विक्रेता मान हलवतो. ‘नाई चालत बाप्पा, नोट द्या.’ आणि पिशवी घेऊन घरी पोहोचेपर्यंत मोबाइलवर कुणीतरी चित्रफीत पाठवलेली असते: दहाच्या नाण्यावर वैष्णोदेवी असेल तर दहा लाख मिळतात, लगेच फोन करा. एकाच वस्तूबद्दलच्या या दोन अफवा आणि दोन्ही निराधार. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने कायदेशीर आहेत, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले. वैष्णोदेवीचे नाणे २०१२ सालचे आहे, भरपूर पाडलेले आहे आणि दहा रुपयांत दहा रुपयांचेच सामान देते.

या दोन अफवांच्या मधे एक जुना आणि शहाणा छंद अंग चोरून उभा आहे. टाकसाळीत चुकलेली आणि काळाच्या ओघात रंग पालटलेली नाणी जमवण्याचा हा छंद. त्याविषयी मराठीत फार कमी लिहिले गेले, आणि जे फिरते त्यात किमतींचे आकडे जास्त, नाण्याविषयी कमी. खरे तर सगळा विषय एका प्रश्नाभोवती फिरतो. नाण्याला जे काही झाले, ते टाकसाळीच्या भिंतीआत झाले की भिंतीबाहेर? आत झाले असेल तर ती चूक, आणि ती जपण्यासारखी. बाहेर झाले असेल तर बहुतेक वेळा ते नुसते नुकसान. रंगाच्या बाबतीत हे उत्तर थोडे गुंतागुंतीचे होते, पण प्रश्न तोच राहतो.

‘चुकलेले नाणे’ ही कल्पना यंत्राबरोबर आली. हाताने ठोकलेल्या नाण्यांना ती लावता येत नाही. शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत देवघरातल्या डबीत एखादी अजून निघते. पण सगळी अक्षरे पुरी उमटलेली शिवराई हवी असेल तर ढीग उपसावा लागतो. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान आणि घाव हाताचा. चकतीवर जेवढे आले तेवढे आले. एलिचपूरच्या पैशांचेही तेच. आजचे अचलपूर म्हणजे इमादशाहीची राजधानी आणि पुढे मुघलांच्या वऱ्हाड सुभ्याचे मुख्य ठाणे. तिथल्या टाकसाळीचे तांब्याचे जाड पैसे अजून सराफाकडे येतात, आणि त्यांवर गावाचे नाव अर्धवट कापले गेलेले असणे हीच रीत आहे. असे नाणे ‘ऑफ-सेंटर एरर’ म्हणून कुणी विकत असेल तर तो स्वतः अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो आहे.

असल्या सरकलेल्या छापांतून केवढे काही हाती लागू शकते, याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. मंगरूळपीर तालुक्यातले तऱ्हाळा हे गाव १९३९ साली अकोला जिल्ह्यात होते. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे सोळाशे नाण्यांचा. नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि त्याच्याभोवती राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह म्हणून ओळखली जाणारी चार गोलांची खूण. दिसायला मळकट, हातात घेतल्यावर कुणाला मोह पडू नये अशी. वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि १९४० साली नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

वाचली म्हणजे काय केले? पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच सापडते. एकावर सुरुवातीची तीन-चार अक्षरे, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटचा ‘स’ तेवढा. ठसा जिकडे सरकला त्याच्या विरुद्ध बाजूचे नाव चकतीबाहेर पडलेले. एकाच राजाची वेगवेगळ्या बाजूंना सरकलेली नाणी शेजारी ठेवली की नाव पुरे होते. या साठ्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी ही नावे पुढे आली. पुराणांच्या वंशावळीत हे राजे नाहीत. म्हणजे सोळाशे मळकट नाण्यांपैकी सुबक तेवढी ठेवून उरलेली मोडीत घातली असती, तर वऱ्हाडच्या प्राचीन इतिहासातली काही नावे त्यांच्याबरोबर वितळली असती. वेडेवाकडे उमटलेले नाणे हा पुरावा असतो हे ज्याला कळले, त्याला या छंदाचे अर्धे मर्म कळले.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि मुंबई-कलकत्त्याच्या यंत्रावर पाडलेला रुपया इथे रुळला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला आणि चांदीचे रुपये इथल्या घरांत साठले. राणीछाप रुपया आजही अमरावती, अकोला, खामगावच्या सराफ्यात इतका सहज मिळतो त्यामागे हा कापूस आहे. या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.६७ टक्के, कड दातेरी, आणि एक नाणे दुसऱ्यासारखे हुबेहूब. लाखो नाणी सारखी निघू लागली तेव्हाच एखादे वेगळे निघाले तर डोळ्यांत भरू लागले.

आता टाकसाळीत काय होते ते पाहू, कारण प्रत्येक चुकीचा जन्म तिथल्या एखाद्या ठरावीक टप्प्यावर होतो. धातूची लांब पट्टी लाटतात, तिच्यातून गोल चकत्या पाडतात, चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, आम्लाने धुतात, कड किंचित उचलून घेतात आणि मग छापयंत्रात घालतात. तिथे खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडे. या कड्याला कॉलर म्हणतात. क्षणभराचा दाब पडतो आणि नाणे तयार. आधुनिक यंत्र मिनिटाला शेकडो नाणी पाडते. एवढ्या वेगात काही चुकणे नवल नाही. चुकलेले नाणे तपासणीतून सुटून पोत्यात जाणे हे मात्र नवल, आणि दुर्मीळपणा या दुसऱ्या नवलातून येतो.

पट्टी पुढे सरकली नाही आणि चकती आधी पाडलेल्या भोकावर अंशतः पाडली गेली, तर चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेले नाणे निघते. ही ‘क्लिप’. इथे एक सुंदर खूण आहे. खऱ्या क्लिपमध्ये, तुकडा जिथे नाही त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला कड अशक्त किंवा नाहीशी दिसते. कड उचलणाऱ्या यंत्राला एका बाजूने धातूच न मिळाल्याने समोरच्या बाजूवरही दाब पडलेला नसतो. घरी कानशीने घासून चंद्रकोर करणाऱ्याला ही खूण करता येत नाही. तो बापडा समोरची कड शाबूत ठेवतो आणि पकडला जातो.

चकती ठशांच्या मध्यावर बसली नाही तर छाप एका अंगाला सरकतो आणि उरलेला भाग कोरा राहतो. सरकला तो किती टक्के आणि साल दिसते का, यावर जाणकार भाव करतात. साल दिसणारे सरकलेले नाणे नेहमी वरचढ. कडे वर आलेच नाही तर धातू मोकळा पसरतो आणि नाणे रुंद, पातळ, सपाट कडेचे होते. नाणे बाहेर फेकले जाण्याआधी दुसरा दाब पडला तर दुहेरी छाप. ठशाला तडा गेला तर नाण्यावर उंचावलेली बारीक रेघ येते. रेघ उंचावलेली आहे की खोल, हे बोटाच्या नखाने पाहावे. खोल असेल तर तो बाहेरचा ओरखडा. ठशाच्या खाचेत तेल-कचरा साठला तर एखादे अक्षर किंवा सालाचा आकडा गायब. ही शेवटची चूक फार सामान्य आहे आणि तिला कुणी फार पैसे देऊ नयेत.

सगळ्यांत देखणी चूक मात्र ‘लखी’. एक नाणे छापले गेले, पण बाहेर न पडता वरच्या ठशाला चिकटून राहिले. खालून नवी चकती आली. आता तिच्यावर वरून ठसा पडत नाही, चिकटलेले नाणे पडते. त्यामुळे नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचे उंचावलेले चित्र उमटते आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट, आरशातल्यासारखे उलटे. इंग्रजांच्या काळातल्या नाण्यांतही लखी सापडतात, स्वतंत्र भारताच्या नाण्यांतही. लाखात एक निघते म्हणून लखी, असे जुने संग्राहक सांगतात. व्यापाऱ्यांत ते शकुनाचे समजून गल्ल्यात ठेवण्याची रीत होती. त्यामुळे कितीतरी चांगल्या लखी संग्राहकांकडे जाण्याऐवजी दुकानाच्या तिजोरीत हळद-कुंकू खात पडून राहिल्या, आणि म्हणूनच वाचल्याही.

छापा आणि काटा यांच्या दिशा न जुळणे ही नवशिक्याला परवडणारी चूक. आपल्या नाण्यांवर दोन्ही बाजूंचे माथे एकाच दिशेला असतात. नाणे वर-खाली दोन बोटांत धरून आडवे फिरवा. दुसऱ्या बाजूचे चित्र सरळच दिसले पाहिजे. तिरके किंवा चक्क उलटे दिसले तर ठसा बसवताना फिरला. अशी नाणी बाजारात हजारांनी आहेत. चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळावीत आणि शिकायला ठेवावीत, एवढीच त्यांची योग्यता. १९४३ ते १९४७ च्या भोकाच्या पैशात भोक मध्यापासून सरकलेले निघते, तेही याच दर्जाचे. भोक पूर्णपणे राहूनच गेलेला पैसा मात्र वेगळी गोष्ट, आणि तो कुणी दाखवला तर भोक बुजवलेले नाही ना, हे भिंगाने आधी पाहावे.

चूक नसलेल्या पण चूक म्हणून खपवल्या जाणाऱ्या नाण्यांची गर्दी याहून मोठी आहे. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. या टाकसाळींच्या खुणा. १९८५ च्या रुपयावर सालाखाली ‘एच’ दिसते ती बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची खूण, कारण तेव्हा आपण परदेशात नाणी पाडून घेतली. १९९७-९८ च्या काही रुपयांवर मेक्सिको, स्लोव्हाकिया, दक्षिण आफ्रिका इथल्या टाकसाळींच्या खुणा आहेत. हे प्रकार जमवावेत. त्यांना चूक म्हणू नये. २००५-०६ च्या सुमारास निघालेल्या दोनच्या नाण्यावरच्या चार रेघांत क्रॉस दिसतो म्हणून ओरड झाली आणि २००७ पासून बोटांच्या मुद्रा आल्या. ती चित्राविषयीची तक्रार, टाकसाळीची चूक नव्हे.

अशा तक्रारीचा सगळ्यांत गाजलेला नमुना म्हणजे १९११ चा डुकराचा रुपया. पंचम जॉर्जच्या झग्यावर एक हत्ती आहे. तो इतका आखूड सोंडेचा उमटला की लोकांना डुक्कर वाटला. ९४ लाखांच्या आसपास पाडलेल्या रुपयांपैकी सुमारे सात लाखच बाहेर गेले होते; उरलेले आटवले गेले आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीचा हत्ती झाला. यंत्राने इथे काहीच बिघडवले नाही, बिघडले ते चित्रकाराच्या हातून. तरीही हा रुपया संग्रहात हवाच, असे मी म्हणेन. कारण एका चुकीच्या रेघेपायी सरकारने लाखो रुपये परत आटवले, ही गोष्ट तो बरोबर घेऊन येतो.

यापुढचा टप्पा फसवणुकीचा. दोन नाणी पान्यात घालून आवळली की एकाचे चित्र दुसऱ्यावर खोलगट उमटते आणि ‘लखी’ तयार होते. खऱ्या लखीत नेहमीची बाजू तजेलदार असते. पान्यात आवळलेल्या नाण्यात ती चेपलेली, सपाट. दहाच्या नाण्याचा मधला गाभा ठोकून काढायचा, उलटा करून परत बसवायचा आणि ‘उलट्या गाभ्याचे दुर्मीळ नाणे’ म्हणून विकायचे, हाही उद्योग चालतो. दहाच्या नाण्यात गाभा आणि कडे हे छाप पडतानाच एकमेकांत घट्ट बसतात, त्यामुळे सांध्यावर धातू वाहून गेलेला दिसतो. काढून बसवलेल्या गाभ्याभोवती बारीक फट आणि ओरखडे असतात. १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मीळ, म्हणून १९३८ च्या शेवटच्या आकड्याला आकार देऊन ३९ केलेले रुपये कितीतरी. इथे एकच उपाय: भिंगाखाली शेवटच्या आकड्याची जमीन बाकीच्या जमिनीसारखीच आहे का ते पाहणे.

या सगळ्यासाठी तीन साधने पुरतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि एक चुंबक. काटा काही शे रुपयांत मिळतो, आणि त्याच्याशिवाय ‘चुकीच्या धातूवर छापलेले नाणे’ विकत घेणे म्हणजे डोळे मिटून जुगार. वजने पाठ असावीत. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम, दोनचे नाणे ४.८५, पाचचे ६, दहाचे ७.७१, आणि नंतर आलेले वीसचे बारा कोनी नाणे ८.५४. गंमत अशी की १९९२ पासूनचा जुना पोलादी रुपयाही ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर, म्हणजे २०११ च्या मालिकेतल्या दोनच्या नाण्याच्याच मापाचा. टाकसाळीत एकाची चकती दुसऱ्यासाठी वापरली गेली असती तर काट्यालाही कळले नसते. पोलादी नाण्यात लोखंड ८३ टक्के आणि क्रोमियम १७. ते चुंबकाला चिकटते. पिवळा धमक पोलादी रुपया कुणी ‘पितळेवर छापलेला’ म्हणून दाखवला आणि तो चुंबकाला चिकटला, तर तो वरून मुलामा दिलेला आहे. प्रकरण तिथेच संपते. जुने शुद्ध निकेलचे रुपये आणि अर्धे रुपयेही चुंबकाला चिकटतात. चिकटला म्हणून तो खोटा, असे मात्र ठरवू नये.

रंगाकडे वळल्यावर विषय अधिक रसाळ होतो आणि आपल्या मातीत अधिक खोल जातो.

चांदी हवेतल्या प्राणवायूने काळी पडत नाही. ती काळी पडते गंधकाने. चांदीच्या पृष्ठभागावर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यातून परतणारा प्रकाश डबक्यावरच्या पेट्रोलच्या तवंगासारखे रंग दाखवतो. थर वाढत जातो तसे रंग क्रमाने येतात: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा, पुढे पुन्हा पिवळा-गुलाबी-हिरवट आणि शेवटी काळा. हा क्रम रसायनाने बांधून दिलेला आहे, आणि खरा रंग ओळखायचा तो त्यावरून. खरा रंग बहुधा कडेकडून मध्याकडे पायरीपायरीने उतरतो, अक्षरांच्या आडोशाला बदलतो आणि त्याखालून नाण्याची मूळ चमक दिसत राहते. गंधकाच्या द्रावणात बुडवून किंवा गॅसवर तापवून आणलेला रंग उड्या मारतो. सोनेरीशेजारी एकदम निळा, मधे काहीच नाही.

आपल्याकडे गंधक येतो कुठून? रबर बँड, स्वस्त कागद, लोकर, कोळशाचा धूर हे जगभरचे धनी. वऱ्हाडात त्यांत भर पडते ती शेतघराची. वरूड-मोर्शीच्या संत्राबागांसाठी आणलेली गंधकाची भुकटी ज्या खोलीत ठेवतात, त्याच खोलीतल्या पेटीत आजीचे रुपये असतात. स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्यात, हिंगाच्या डबीशेजारी ठेवलेली चांदी काळी पडते, कारण हिंगाच्या वासातच गंधकाची संयुगे आहेत. सुती बटव्यात वर्षानुवर्षे न हलवता ठेवलेल्या रुपयांवर कडेने निळसर-सोनेरी वलय आलेले मी पाहिले आहे, आणि ते विकणाऱ्याने ‘डाग पडलेत, म्हणून कमी घेतो’ म्हणून दिले होते. अमेरिकेत कापडी पोत्यांत राहून इंद्रधनुषी झालेल्या मॉर्गन डॉलरला संग्राहक साध्या डॉलरपेक्षा कितीतरी जास्त मोजतात. आपल्या सराफ्यात रंगाला भाव नाही. चोखंदळ माणसाला ही संधी आहे. उद्या इथेही रंगाला भाव आला तर गंधकाच्या वाट्या घेऊन बसणारे लोकही येतील, एवढे मात्र नक्की.

१९४० पासूनच्या रुपयाची गोष्ट वेगळी. युद्धकाळात चांदी ५० टक्क्यांवर आली, तांबे ४० टक्के, उरलेले निकेल आणि जस्त. कोरा असताना हा रुपया पांढरा दिसतो, पण वरची चांदीदार साय झिजली की आतला तांबूस-पिवळट रंग उघडा पडतो. कितीतरी घरांत असे रुपये ‘खोटे’ म्हणून बाजूला काढलेले असतात. ते खरेच आहेत. चांदी कमी आहे, एवढेच. त्यांच्या कडेवर दात्यांच्या मधून जाणारी खोलगट सुरक्षा-पट्टी आहे, ती पाहून खात्री करावी.

तांब्याच्या बाबतीत वऱ्हाडचा शत्रू गंधक नसून मीठ आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या मोठ्या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. खारपाणपट्टा म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. तांब्याचे नाणे वर्षानुवर्षे साधारण मातीत पडले तर त्यावर तपकिरी-हिरवी, घट्ट, देखणी साय येते आणि ती नाण्याचे रक्षण करते. मिठाचा क्लोराइड आत शिरला तर मात्र पावसाळी दमट हवेत फिकट हिरवी भुकटी उमलू लागते, झटकली तरी परत येते आणि नाणे आतून पोखरते. जाणकार त्याला ताम्ररोग म्हणतात. खारपाणपट्ट्यातून निघालेल्या पैशावर भुरभुरीत हिरवे ठिपके दिसले तर ते बाकीच्या नाण्यांपासून वेगळे काढावे, डिस्टिल्ड पाण्यात पाणी बदलत बरेच दिवस भिजवावे, नीट वाळवावे आणि कोरडे ठेवावे. घट्ट गुळगुळीत हिरव्याला हात लावू नये.

चलनातल्या नाण्यांवरचे बहुतेक ‘विचित्र रंग’ भिंतीबाहेरचे असतात. पाचचे पिवळे नाणे तांबे, जस्त आणि निकेलचे; घाम, पाणी आणि आम्ल लागून जस्त आधी निघून जाते आणि नाणे तांबूस दिसू लागते. देवळाच्या दानपेटीतून आलेले नाणे कुंकवाने लाल, तेलाने काळपट. भिंतीआतला रंगही असतो, पण विरळा. चकत्या भट्टीत जास्त वेळ राहिल्या तर त्यांच्यावर तांबट-काळा थर बसतो, आणि मग छाप त्या थरावरच पडतो. त्यामुळे अक्षरांच्या वरच्या टोकांपासून खोलगटांपर्यंत रंग एकसारखा आणि छाप तीक्ष्ण राहतो. बाहेरचा रंग खोलगटांत साचतो आणि घासल्या जाणाऱ्या उंचवट्यांवरून निघून जातो. रंग चूक आहे की डाग, हे ठरवायला हा एक फरक पुष्कळदा पुरतो.

इतके सांगून झाल्यावर सगळ्यांत मोठ्या नुकसानीचे नाव घेतले पाहिजे, आणि ते आपल्याच देवघरात होते. धनत्रयोदशी-लक्ष्मीपूजनाला पेटीतले रुपये निघतात, चिंच, रांगोळी, पितांबरी किंवा टूथपावडर लावून लख्ख होतात आणि पूजेला बसतात. दरवर्षी थोडी चांदी आणि राणीच्या केसांच्या थोड्या रेघा जातात. शंभर दिवाळ्या पाहिलेल्या रुपयावर नुसता चेहऱ्याचा आकार उरतो. संग्राहक अशा रुपयाला चांदीच्या भावाच्या वर काही देत नाही. पूजा जरूर करावी. हळद-कुंकू वाहायला घासण्याची गरज नसते.

दुसरे नुकसान मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांचे. ही पीव्हीसीची असतात, उन्हात त्यांतून तेलकट द्रव्य सुटते आणि नाण्यावर चिकट हिरवा लेप बसतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात पीव्हीसीचा अल्बम ठेवणे म्हणजे नाणी मुरवायला ठेवणे. लेप ताजा असेल तर शुद्ध अॅसिटोनने निघतो. अॅसिटोन उघड्या खिडकीशी, ज्योतीपासून दूर वापरावे.

बाजार आणि कायदा यांचे थोडक्यात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध केले की तिच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे लोक भामटे आहेत. बँक असले व्यवहार करत नाही आणि तसा अधिकारही कुणाला दिलेला नाही. ज्याला तुमचे नाणे खरेच हवे आहे तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून ‘नोंदणी फी’ मागत नाही. २०११ च्या नाणे कायद्याने चलनातली नाणी वितळवणे वा नष्ट करणे गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती परदेशी पाठवता येत नाहीत. आणि शेतात नांगराला मडके लागले, विहीर खणताना नाणी निघाली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. हा कायदा लोकांना जाचक वाटतो, सापडलेले रात्रीतून सराफाकडे जाते आणि आटवले जाते. आपल्या इतिहासाची सर्वांत जास्त हानी इथेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकूण पाहता चुकलेल्या नाण्यांचा छंद श्रीमंत होण्याचा मार्ग नाही. तो टाकसाळीचे यंत्र नाण्यावरून वाचायला शिकवतो, आणि रंगांचा छंद घराचे व मातीचे रसायन वाचायला. तेवढ्यात ज्याचे समाधान होते त्याने यात पडावे, बाकीच्यांना मुदत ठेव बरी.

तुमच्या हाती काही वेगळे आले तर पुसू नका. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा, वजन लिहा, चुंबक लावून पाहा आणि कुठल्या गावात, कुणाच्या चिल्लरीतून, कोणत्या तारखेला मिळाले ते कागदावर टिपून नाण्यासोबत ठेवा. नागपूरला इंडियन कॉइन सोसायटी आहे, अजब बंगल्याचे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. विकण्याआधी तिथल्या जाणत्यांना एकदा दाखवा. आणि येत्या दिवाळीत राणीछाप रुपये काढाल तेव्हा मऊ कोरड्या फडक्यावर ठेवा, कडेने धरा आणि पितांबरीचा डबा समईसाठी राखून ठेवा.